राईतल्या देवाला लालबागमध्ये जागा

आमच्या समोरच्या खोलीतल्या काकू नसत्या तर मी आज लालबागला नसतो, हे आधी सांगून टाकतो. नंतर सांगायचं राहून जातं. काकू डबे करतात, घरात मालवणी बोलतात आणि रागावल्या की एकदम पुस्तकातलं बोलतात. माझ्यासाठी त्यांनी जे केलं, ते करताना त्या जराही रागावल्या नव्हत्या. उलट हात जोडून उभ्या होत्या.

आता काय झालं ते.

मी आठवीत शाळा सोडली. शाळेनेही फार आग्रह केला नाही. गाव घाटाच्या पायथ्याशी, रानात. मुंबईत आलो, परळला एका काचेच्या टॉवरमध्ये हाऊसकीपिंगला लागलो आणि राहायला मिळाली गावाची खोली. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावकऱ्यांनी मिळून चाळीत ही खोली घेतली. अजूनही गावचा पुरुष मुंबईत नोकरीला आला की त्याला तिथे एक पेटी ठेवायला आणि एक चटई पसरायला जागा मिळते. जुने खिडकीशी, मधले पंख्याखाली, नवे दाराशी. मी दाराशी. ती जागा गेली तर गावाला परत, हे मला पक्कं माहीत होतं. मुंबईत भाड्याने डोकं टेकायची माझी ऐपत नाही, आणि गावाला आठवी नापासाची कोणी वाट बघत नाही. म्हणून मी खोलीत सगळ्यांशी हसून वागायचो. कोणी नुसतं खाकरलं तरी वाटायचं, आता जागेचा विषय काढणार.

खोली चालवतं गावाचं मंडळ. त्याचे अध्यक्ष बँकेतून रिटायर झालेले, राहायला दादरला फ्लॅटमध्ये. रिटायर झाल्यावर काहींना शुगर होते, यांना इतिहास झाला. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तो इतका वाढला की एका सभेत त्यांनी जाहीर केलं, "आपल्या देवराईत विस्मृतीत गेलेला वारसा आहे. तो शोधायचा आणि स्मरणिकेत छापायचा." राई आमच्या घरामागेच, म्हणून मोहिमेत मलाही घेतलं. पदवी 'स्थानिक जाणकार', काम पाण्याचा कॅन उचलायचं.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे चपला घालून शिरत नाहीत आणि वाळकी काटकीसुद्धा बाहेर आणत नाहीत. अध्यक्ष बूट घालूनच शिरले. "संशोधनाला चालतात," म्हणाले. मंडळाचे सेक्रेटरी इस्टेट एजंट. त्यांनी आत पाऊल टाकल्या टाकल्या वर झाडांकडे नाही, चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "एरिया किती असेल रे?"

आत मात्र खरंच काय काय होतं. वडाच्या मुळांनी निम्मी गिळलेली विहीर. मातीत गेलेल्या पायऱ्या, कुठे जायच्या कोण जाणे. देवळाचा नुसता चौथरा, त्यावर शेवाळ गादीसारखं. मी स्थानिक जाणकार, पण यातलं काहीच आधी पाहिलेलं नव्हतं. लहानपणी आम्ही राईच्या कडेकडेने पळायचो, आत जायची छाती नव्हती. अध्यक्ष प्रत्येक दगडापुढे उभे राहून फोटो काढून घेत आणि दगडाचं वय सांगत. सकाळी पाचशे वर्षांचे असलेले दगड जेवायची वेळ होईपर्यंत हजाराच्या पुढे गेले.

चौथऱ्याच्या मागे गुडघ्याएवढा एक दगड होता. वर काहीतरी कोरलेलं. माणूस असेल, घोडा असेल, पावसाने पार पुसून टाकलेलं. अध्यक्ष ओरडले, "दैवत! हे इथे मातीत नष्ट होणार. मुंबईला न्यायचं."

गावचा म्हातारा गुरव सोबत होता. तो म्हणाला, "देवाक इचारल्याशिवाय नेव नकात. कौल लावूया."

"अहो, गावचे मानकरी आम्हीच," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही ठरवलं म्हणजे देवाने ठरवल्यासारखंच."

दगड गाडीच्या डिकीत गेला. गुंडाळायला चादर माझी.

लालबागला खोलीत आल्यावर अध्यक्षांनी मोबाईलवर होकायंत्र उघडलं. देवाचं तोंड पूर्वेला हवं. खिडकी पश्चिमेला, पंख्याखालची जागा मोरीसमोर. पूर्वेला तोंड करून बसता येईल अशी अख्ख्या खोलीत एकच जागा निघाली, माझ्या चटईची. देव बसला, हार घातला, वर पाटी लागली 'आमचा वारसा'. मला म्हणाले, "तू तरुण आहेस, ॲडजस्ट कर."

मी चटई गॅलरीत टाकली. पहाटे पाण्याला जाणारी माणसं मला ओलांडून जायची, काही न ओलांडताही जायची. आठवड्याने सेक्रेटरी खांद्यावर हात टाकून म्हणाले, "तसं आता खोलीत जागा कमीच झालीय. महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघ ना कुठे." मी "हो दादा" म्हणालो. वर थँक्यू पण म्हणालो. सवयच आहे.

त्या दिवशी काकूंनी विचारलं, "काय रे झिला, भायर कित्याक निजतंस?"

"आत देव आसा, काकू."

"देव? खंयसून हाडल्यांनी?"

"राईतसून. माका दुसरीकडे बघ म्हणतत."

काकू कांदा चिरत होत्या. तो चिरून संपवला, हात धुतले, आणि मला दोन घावणे वाढले.

रविवारी अध्यक्ष खोलीवर आले होते. स्टोव्हवर कोणी बांगडे तळत होतं, दोरीवर सगळ्यांच्या चड्ड्या वाळत होत्या. काकू दारात उभ्या. हातात हळदकुंकवाचं ताट, मागे मजल्यावरच्या चार बायका.

"अध्यक्षांनू, तुमी पुण्यवान," काकू म्हणाल्या. "पण देवासमोर बांगडे?"

"तसं नाही, हा आपला ऐतिहासिक वारसा..."

"म्हणजे देव न्हय?"

बायका बघत होत्या. अध्यक्षांनी छाती पुढे काढली. "देव आहेच!"

"मगे झाला," म्हणून काकूंनी हात जोडले.

स्टोव्ह बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून बायका सकाळ-संध्याकाळ आरतीला यायला लागल्या. सकाळची आरती नेमकी पुरुष बनियनवर दात घासत असताना. येताना काकू भक्तिभावाने एकेक गोष्ट विचारायच्या. देवाच्या डोक्यावर ह्या चड्ड्या कोणाच्या? पाय कोणाकडे करून झोपता? त्या खोलीत इतके पुरुष झोपतात की कोणाचे तरी पाय देवाकडे होणारच, नाहीतर दुसऱ्याच्या तोंडाकडे. मासळी बंद. शनिवारी संध्याकाळी काही जण औषध घेतात, ज्याच्याबरोबर शेंगदाणे लागतात, तेही बंद. खोलीत धूप, उदबत्ती आणि दुधी भोपळा. अध्यक्ष दादरहून फोन करून विचारायचे, "वातावरण कसं आहे?" सगळे म्हणायचे, "पवित्र."

अखेर खिडकीशी झोपणाऱ्या सगळ्यांत जुन्या काकांनी सभा बोलावली.

"साहेब, देव तुमच्या घरी न्या," ते अध्यक्षांना म्हणाले. "मानकरी तुम्ही."

"आमच्या लिफ्टला वजनाची मर्यादा आहे हो."

"जिन्याने आणतो की. खांद्यावर."

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "आमच्याकडे नातवाला रोज मासळी लागते."

"आणि आम्हाला काय गवत लागतं?"

यावर सेक्रेटरींनी पंख्याकडे बघितलं. अध्यक्षांना एकदम आठवलं की वारसा मूळ जागीच जतन करावा, असं आधुनिक शास्त्र सांगतं. ठराव एकमताने पास. नेऊन ठेवायला कोण? स्थानिक जाणकार.

सुपरवायझरच्या हातापाया पडून सुट्टी घेतली. एसटीत दगड मांडीवर. पण राईत गेल्यावर काही कळेना. तो होता नेमका कुठे? मोहिमेचे सगळे फोटो माझ्या मोबाईलवर पाठवलेले होते, आणि सगळ्यांत अध्यक्ष. मागे थोडी हिरवळ, बाकी पूर्ण अध्यक्ष. विहिरीपुढे ते, पायऱ्यांपुढे ते. आपलं अख्खं रान त्या माणसाच्या पाठीमागे लपलेलं. मी अनवाणी चौथऱ्याभोवती फिरत राहिलो. भीती वाटत होती, पण लहानपणाची नव्हे. चुकीच्या जागी ठेवला आणि परत काही झालं तर माझी चटई पुन्हा गॅलरीत जाणार, ही भीती. शेवटी शेवाळात एक उघडी पडलेली काळी, ओली जागा दिसली, मुंग्यांनी भरलेली. तिथे दगड ठेवला. नीट बसला.

मागून गुरव आला. दगडाकडे बघत म्हणाला,

"मुंबयत त्याकाय जागा मिळाक नाय?"

मी हसलो आणि तिथेच बसून थोडा रडलो.

स्मरणिका निघाली. त्यात फोटो आहे, 'देवराईत वारशाची पुनःस्थापना करताना मा. अध्यक्ष'. फोटो पहिल्याच दिवशीचा, दगड उचलायच्या आधीचा. माझी जागा मला परत मिळाली. सेक्रेटरी म्हणाले, "मी म्हटलंच होतं, काहीतरी सोय होईल." मी थँक्यू म्हणालो.

काकूंना मात्र थँक्यू म्हणायला गेलो तर ते राहूनच गेलं. एवढंच विचारलं, "काकू, तुमी ह्या मुद्दाम केलात?"

"गप रे. मी फक्त पाया पडलंय. देव की दगड, ता त्यांनी ठरवल्यांनी."

आणि डब्यांना झाकणं लावायला लागल्या. सगळ्यांचे डबे भरून झाले की त्या उरलंसुरलं ओट्याशी उभ्या उभ्या खातात, एका हाताने गॅस पुसत. इतके दिवस मी बघतोय, त्यांना ताटावर बसलेलं पाहिलेलं नाही. काकू, कधी ना कधी माझी स्वतःची खोली होईल, विरारच्या पलीकडे का होईना. त्या दिवशी तुम्ही खाली मांडी घालून बसायचं. तव्यावरचा पहिला बांगडा तुमच्या ताटात, वाढणार मी, आणि पोटभर जेवल्याशिवाय तुम्हाला उठू देणार नाही.