आण्णांसाठी बसवलेली मऊ सीट

लई दमलोय, तरी लिहितो.

आमच्या वडलांची, म्हणजे आण्णांची, कंबर दुखते. म्हणून आज आमच्या जुन्या बारक्या गाडीत मोठ्या गाडीची सीट बसवली. माजलगावच्या भंगारवाल्याकडून आणलेली. दिवसभर गाडीत वाकून पट्ट्या जोडल्या, नटबोल्ट आवळले. हात वर होईनात आता.

संध्याकाळी आण्णांना फिरवून आणावं म्हणलं. सीट चार बोटं उंच झालती. त्यांचा डोक्याचा पटका टपाला घासायला लागला. मान वाकडी करून बघितली, जमंना. मग त्यांनी गुपचूप पटका काढून मांडीवर ठेवला.

मी म्हणलं, "आण्णा, उद्या खाली घेतो सीट."

"राहू दे. कंबरेला बरं वाटतंय."

मयत सोडून आण्णांना कधी बोडकं बघितलं न्हाई मी.

परत आलो तर ओट्यावर चार माणसं बसलेली. आण्णा गाडीतून उतरंनात. म्हणले, "मऊ हाय, बसू दे जरा." माणसं उठून गेली, तवा उतरले.

आता परत पान्हा घेऊन बसलोय. कुणाकडं कमी उंचीची सीट पडून असंल तर सांगा. मऊ नसली तरी चालंल.