नाकाची नोकरी

गॅसचा वास मला शेवटचा कधी आला ते नेमकं सांगता येत नाही, आणि त्याचंच मला अजून वाईट वाटतं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात एखाद्या सकाळी तो आला असेल, मी नाक मुरडलं असेल, पान्हा काढला असेल आणि काम उरकून पुढच्या घरी गेलो असेन. हा शेवटचा, असं कुणी सांगितलं असतं तर जरा थांबून नीट घेतला असता.

मी कळंबच्या एका गॅस एजन्सीत मेकॅनिक आहे. बावीस वर्षं झाली. शेगड्या दुरुस्त करणं, रबरी नळ्या बदलणं, हिवाळ्यात गॅसचे गीझर साफ करणं, आणि 'वास येतो' अशी तक्रार आली की गळती शोधणं हे माझं काम. लोकांच्या लेखी मी आणि खांद्यावरून टाकी आणणारा माणूस एकच, दोघेही 'गॅसवाला'. माझं एक वायसर चुकलं तर घराचं छप्पर उडू शकतं, हे कुणाच्या ध्यानात नसतं. एजन्सीच्याही नसतं, असं पगाराच्या दिवशी दर महिन्याला वाटतं. गाडी माझी, पान्हे माझे, अर्धंअधिक पेट्रोल माझं. मूळ पगार इतका की एजन्सीसमोरचा पाणीपुरीवाला माझ्याकडे दयेनं बघतो. त्यावर प्रत्येक घरामागे थोडेफार मिळतात. म्हणजे दिवसाला जितकी घरं कराल तितकं पोट भरेल.

घरं भराभर करायची तर नाक हवं. हे मला माझे उस्ताद, चाचा, यांनी शिकवलं. चाचांची बसस्टँडजवळ स्टोव्ह दुरुस्तीची टपरी होती, मग गॅस आला तसे ते गॅसकडे वळले. दाराच्या उंबऱ्यावर उभं राहायचं, तोंड मिटायचं, छोटे छोटे श्वास घ्यायचे. मग गुडघ्यावर बसायचं, कारण हा गॅस जड, तो खाली साचतो. नाक नळीवरून हळूहळू नेत जायचं. "बेटा, साबुन तो कोई भी लगा लेता है," चाचा म्हणायचे. साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणं ही खरी, कागदावर लिहिलेली पद्धत. पण ती वेळखाऊ. आम्ही दोघं आधी नाकानं जागा काढायचो आणि साबण फक्त घरमालकाला दाखवायला लावायचो. मला त्याचा फार माज होता. एजन्सीचे शेठ नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या या मिस्त्रीचं नाक म्हंजे मशीन हाय." त्या मशीनचा पगार मात्र त्यांनी कधी वाढवला नाही.

मग करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी मी आजारी पडलो. आठवडाभर ताप, खोकला. बरा झालो तेव्हा वास गेलेला होता. बऱ्याच जणांचा गेला होता आणि महिन्या-दोन महिन्यांत परतही आला. माझा आला नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि "वाट बघा" म्हणाले. मी वाट बघत राहिलो. कांदा, फिनाईल, पेट्रोल, बायकोच्या केसांचं तेल, सगळं नाकाशी धरून बघायचो. पहाटे उठल्या उठल्या आधी उशी हुंगायचो. काही नाही. भिंत हुंगल्यासारखं.

मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती बोलून जाईल ही भीती, आणि त्याहून जास्त लाज. शेठला कळलं असतं तर मला टाक्या उचलायला लावलं असतं, नाहीतर घरी बसवलं असतं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काय येतं? स्वतःचं दुकान काढावं तर भांडवल नाही. आणि नाक नसलेल्या गॅस मिस्त्रीच्या दुकानात कोण येईल?

तेव्हापासून मी साबणाचा माणूस झालो. प्रत्येक सांध्याला फेस. टाकीच्या तोंडाला, रेग्युलेटरला, नळीच्या दोन्ही टोकांना, शेगडीच्या प्रत्येक चावीला. एकही सांधा सोडायचा नाही, अशी मी शपथच घेतली आणि ती पाळली. पण पूर्वी दिवसाला दहा घरं व्हायची, आता पाच झाली तरी खूप. ज्या कामानं आधीच पोट भरत नव्हतं त्यातलं निम्मं गेलं. "तुले झालं काय बे?" शेठ विचारायचे. "म्हातारा झाला काय?" मी हसून म्हणायचो, "वरून नियम आला हाय ना जी, साबन कंपल्सरी." आणि खरंच, भिंतीवर तसा कागद लावलेलाच होता. तो कुणी वाचत नव्हतं इतकंच.

एकदा एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून तक्रार आली. आमच्याकडे लोकांची एक खोड आहे. घरात गॅसचा वास आला की तो जावा म्हणून उदबत्ती लावतात. पूर्वी मला वास फाटकातच यायचा आणि मी तिथूनच 'उदबत्ती विझवा' म्हणून ओरडायचो. त्या दिवशी मात्र मी खुशाल आत शिरलो, ओट्यापाशी गेलो, आणि टाकीच्या वर फळीवर जळत असलेली उदबत्ती मला डोळ्यांनी दिसली. तोंडचं पाणी पळालं. ती चिमटीत चुरगाळली, बोटं भाजली, खिडक्या उघडल्या, टाकी अंगणात नेली. घरातल्या बाई दारात उभ्या. "इतका वास सुटून राह्यला अन् तुमी आरामात आत आले?" त्या म्हणाल्या. "आमाले वाटलं काही धोका नाई."

गळती सापडायला मला दोन तास लागले. नळीला चावीजवळ केसाएवढी भेग होती. निघताना नव्या नळीच्या किमतीवरून बाईंनी तीनदा घासाघीस केली. त्यांच्या ओट्यावरची धूर खेचणारी चिमणी माझ्या चार महिन्यांच्या पगाराची होती. मी रागानं लाल झालो, पण त्यांनी दिले तेवढे घेतले. चूक माझी होती, आणि ती मलाच माहीत होती. 

त्याच वर्षी हिवाळ्यात नागपूरची गोष्ट निघाली. तिथे एक कंपनी घरोघर नळानं गॅस देत होती आणि तिला अनुभवी मिस्त्री हवे होते. पगार माझ्या तिप्पट. फंड, विमा, गणवेश, सगळं. बायकोनं मोबाइलवर जाहिरात पाहिली आणि माझ्यापुढे धरली. लेक बारावीत होती, पुढे तिला नर्सिंगला जायचं होतं. "हे तुमच्यासाठीच हाय," बायको म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. काय सांगणार होतो? मी अर्ज केला. मनातून वाटत होतं, बोलावणारच नाहीत.

बोलावलं. एसटीनं नागपूरला गेलो. हाताच्या कामाची परीक्षा झाली, ती मी सगळ्यांआधी संपवली. मग एका साहेबानं टेबलावर तीन बाटल्या ठेवल्या. एकीत गॅसला घालतात तो वास, दोन साध्या. एकेक बाटली आमच्या नाकाशी धरणार आणि आम्ही ओळखायची. रांगेत मी चौथा होतो. नाक तर कामाचं नव्हतं. पण बावीस वर्षं लोकांच्या घरात वावरलेल्या माणसाची नजर फुकट जात नाही. पुढच्या तिघांच्या वेळी पहिल्या दोन बाटल्यांची झाकणं साहेब सावकाश लावत होता. तिसरीचं झाकण चटकन, मान बाजूला वळवून. माझी पाळी आली तेव्हा मी तिसरी हुंगली, नाक मुरडलं आणि म्हणालो, "ही."

"एकदम बराबर," साहेब म्हणाला.

मला आनंद झाला. खोटं का सांगू, बाहेर येऊन मी दोन समोसे खाल्ले आणि बायकोला फोन केला. फोनवर ती रडली.

आठ दिवसांनी पत्र आलं. सोबत कामाची माहिती होती. मला तातडीच्या तक्रारींच्या पथकात घेतलं होतं. रात्रंदिवसाच्या पाळ्या, उंच इमारती, एकेका मजल्यावर चार-चार घरं. त्यात लिहिलं होतं: दारापाशी पोहोचताच आधी वास घ्यावा. वास असल्यास विजेची घंटी दाबू नये, हातानं थाप मारावी, आणि इमारत रिकामी करायची की नाही ते तिथेच ठरवावं. गळती ओळखणारं यंत्र मिळेल, पण यंत्र बाहेर काढण्याआधीचा निर्णय मिस्त्रीचा. मी तो कागद चार वेळा वाचला. कळंबला मी एका घराचा सांधा न् सांधा साबणानं तपासू शकतो. तिथे दाराबाहेर उभं राहून, बंद दारामागच्या माणसांबद्दल, मी नाकानं ठरवणार होतो. व्यापाऱ्याच्या फळीवरची ती उदबत्ती डोळ्यांपुढून हलेना.

रुजू व्हायची तारीख मी जाऊ दिली. बायकोला म्हणालो, "नागपूरचं पानी मले सोसत नाई." इतकं बावळट कारण मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिलं नसेल.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "भेत्रट हाय तुमी," एवढंच म्हणाली. आपल्या बहिणीला, शेजारणीला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांच्यासमोर तिला मान खाली घालावी लागली. त्यानंतर ताट वाढणं, डबा भरणं, एवढ्यापुरतंच बोलणं उरलं. मी पुन्हा एजन्सीत, त्याच पगारावर. शेठला कुठून तरी नागपूरचं कळलं होतं. "कोनी नाई घेत बे तुले, हाय तिथं राह्य," ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि मी मान हलवली.

पुढच्याच एका रविवारी दुपारी बायको दळण आणायला गेली होती, लेक शिकवणीला. मी दूध तापत ठेवलं आणि ओट्याला पाठ टेकून खाली जमिनीवर एक जुना बर्नर घासत बसलो. दूध उतू गेलं, ज्योत विझली, आणि मला कळलंच नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उठलो तेव्हा शेगडी विझलेली दिसली. डोकं दुसरीकडेच होतं. मी हात पुसले आणि काड्यापेटी उचलली.

"टाका ते! टाका!"

दारातून बायको किंचाळली. दळणाचा डबा तिथेच आपटला. तिनं माझ्या हातातली पेटी हिसकून अंगणात फेकली, चावी बंद केली, मागचं दार उघडलं आणि माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. आम्ही दोघं अंगणात उभे, तिच्या पायांवर पीठ सांडलेलं.

"घर भरून वास हाय," ती धापा टाकत म्हणाली. "गॅसचे मिस्त्री तुमी. तुमाले..." आणि ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "वास येत नाई काय तुमाले?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"कवापासून?"

"मले बिमारी झालती ना, तवापासून."

ती पायरीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत जाताना मला दिसत होती. साबण, निम्मी झालेली घरं, नागपूर. मला वाटलं आता ती रडेल, मला शिव्या देईल. मला खरं तर तेच हवं होतं. मोठ्यानं बोलली असती, शेजारपाजारी कळलं असतं, शेठच्या कानावर गेलं असतं, एकदाचं संपलं असतं.

पण ती उठली, फाटकापाशी गेली, गल्लीत कुणी ऐकलं तर नाही ना ते पाहिलं आणि फाटकाची कडी लावली. परत येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "एजन्सीत कोनाले मालूम हाय काय?"

"नाई."

"मंग सांगू नोका. पोरीचं शिक्षन होऊ द्या. कोनालेच सांगू नोका."

मी हो म्हणालो. इतकी वर्षं मी यात एकटा अडकलो होतो. त्या दुपारी तीही माझ्यासोबत आत आली, आणि कडी तिनं स्वतःच्या हातानं लावली.