डोळ्यांनी ऐकणारे काका

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांइतकं नीट ऐकणारा माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा नव्हता, आणि ते जवळजवळ ठार बहिरे होते. मूळचे वर्ध्याकडचे, तरुणपण पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलच्या धडधडाटात गेलेलं. तिथं सगळेच ओठांकडे पाहून बोलणं ओळखायचे, काकांनी ती सवय घरी आणली. मागून हाक मारली तर ओ नाही. समोर गेलं की म्हणायचे, "थांब वं, चष्मा लावू दे, मले ऐकू नाही येऊन राहिलं." वीज गेली की बोलणाऱ्याच्या तोंडावर टॉर्च. झुपकेदार मिशांवर तर त्यांचा भारी राग, सख्ख्या मेहुण्याला त्यांनी तोंडावर सांगितलं, "मिशी काढून या, मंग बोलू." सिविक सेंटरच्या बाजारात, गर्दीत दूरच्या दुकानापाशी चाललेलं नवरा-बायकोचं भांडण ते आम्हाला शब्दांसकट सांगत आणि आम्ही पोट धरून हसत असू. खरं मात्र कुणीच मानत नसे.

मैत्रिणीच्या लग्नात बँड अगदी कानाशी वाजत होता. मांडवाच्या पार पलीकडे नवरदेवाची आई तिच्या बहिणीशी बोलत होती. काका एकदम उठले आणि काकूंपाशी येऊन ओरडले, "लग्न थांबवा! ती म्हणून राहिली, पोराचं मन दुसरीकडं हाय, हिले घरकामापुरती ठेवू!"

काकू शरमेनं लाल झाल्या. "इथं आमाले काही ऐकू येऊन नाही राहिलं, अन् तुमाले आलं? कावून तमाशा करून राहिले?"

मैत्रिणीच्या भावांनी दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. अक्षता पडल्या. निघताना मैत्रीण सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, बाबांच्या सोडून.

पुढच्या दिवाळीच्या आत ती कायमची परत आली. सासूबाईंनी मांडवात ठरवलं होतं तसंच झालं होतं. काकांची माफी कुणी मागितली नाही; उलट "बापानंच मांडवात अपशकुन केला" म्हणणारे भाऊच निघाले. काकांनी मग लोकांच्या तोंडाकडे पाहणंच सोडलं. कुणी बोलू लागलं की मान खाली घालत. लोक म्हणाले, आता पार बहिरे झाले.

बऱ्याच वर्षांनी मी भिलाईला गेले, तेव्हा बापलेक अंगणात बसलेले दिसले. तिनं हलकेच त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि आवाज न काढता काहीतरी सांगू लागली. बराच वेळ. काका डोळे न हलवता ऐकत होते. मध्येच त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी फाटकाशीच थांबले. ती काय बोलली ते मला कळलं नाही, आणि पुढं कधी विचारावंसंही वाटलं नाही.