चेतनाच्या सायकलचा दिवा

अंबादासांनी सगळी नोकरी कचऱ्याचा डंपर चालवण्यात काढली. उंच केबिनमधून डाव्या अंगाची सायकल दिसतच नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि आता त्यांची लेक चेतना घाटकोपरच्या लॅबमधलं काम आटोपून, अंधार पडता पडता, त्याच डंपरांच्या रस्त्याने सायकलवर गोवंडीला येणार होती. शेअर रिक्षाच्या रांगेचा म्हणे तिला कंटाळा आला होता. "ऐकायची नाही ती, बापावर गेलीय," असं म्हणून बायको, शकु, मोकळी झाली.

मग दिव्याची शोधाशोध सुरू झाली. हर्षदच्या सायकलच्या दुकानात अंबादासांनी नुसता उच्छाद मांडला. दिवा लावून हर्षदने सायकल धरायची आणि हे समोरच्या दुकानाच्या पायरीवर चढून डोळे किलकिले करून बघणार.

"काका, हा झकास आहे. खड्डा न् खड्डा दिसेल तिला."

"तिला काय दिसतं ते राहू दे रे. ती ड्रायव्हरला दिसली पाहिजे."

अखेर डोळ्यांत टोचेल असा दिवा घेतला, मागे लाल दिवाही घेतला. तरी त्या रात्री घास काही गोड लागला नाही.

पहिल्या दिवशी ते नाक्यावर जाऊन उभे राहिले. डंपरांच्या गर्दीतून तो पांढरा दिवा येताना दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. दिवा गोदामांच्या गल्लीत वळला आणि विझला.

पडली की काय पोरगी? का कुणी पाडली? एक चप्पल मागे टाकून ते गल्लीत धावले. काळोखात सायकलची चेन करकरत होती.

"कोण आहे?" चेतना किंचाळली. दिवा भक्कन त्यांच्या तोंडावर लागला. त्यांना काही दिसेना, फक्त पोरीची धाप ऐकू येत होती.

"पप्पा? तुम्ही?" ती रडायलाच लागली.

"दिवा का विझवलास गं?"

"या गल्लीत बंदच ठेवणार मी. एकटी दिसले की बाइकवाले मागे लागतात. रिक्षातून उतरून चालत यायचे ना, तेव्हापासून. म्हणून तर सायकल घेतली."

अंबादासांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली.

"उद्यापासून दिवा लावून ये," ते म्हणाले. "मी इथं उभा असेन."

"रोज?"

"रोज."

त्यांनी सायकल आपल्या हातात घेतली. दिवा तसाच चालू ठेवून ते तिच्यासोबत गल्लीच्या मधोमध घराकडे निघाले.