कारखान्यामागची तुती

बस चालवण्यातून निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरकाकांना घर खायला उठलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दवाखान्यात नर्स. बाजारातली सगळी फळं लांबून यायची, आणि आपल्याच मातीतली तुती, बोर, अंजीर वस्तीतल्या पोरांना ओळखूही येत नव्हती. काकांनी ते मनावर घेतलं. जुन्या कुंपणांवरच्या फांद्या आणून डब्यांत रुजवल्या आणि बॅटरीच्या बंद कारखान्यामागची पडीक जागा मागून घेतली.

खड्डे खणायला सगळी गल्ली आली. खणता खणता सुताराची बायको म्हणाली, या मातीत औषधालाही गांडूळ नाही. काका हसून म्हणाले, आपण राहायला आलो की शेजारी येतीलच.

दर रविवारी तिथं पोरांची शाळा भरायची. पान कसं ओळखायचं, छाटणी कधी करायची, हे सगळं काका मातीत फतकल मारून शिकवायचे. बोरीची रोपं शेंड्याकडून वाळत गेली. अंजिराची पानं कडेनं करपली. तुती मात्र अशी फोफावली की बघतच राहावं. पहिल्या बहराला पोरांची तोंडं काळीनिळी झाली. सुताराची धाकटी तर दिवसभर झाडाखालीच खेळायची. मातीचे हात तसेच तोंडात.

त्यानंतर पोरं पोटात कळा येतात म्हणून दवाखान्यात येऊ लागली. सुताराची धाकटी बोलता बोलता शब्द विसरायला लागली.

एका दुपारी काकांची मुलगी घरी आली ती चप्पल न काढताच उभी राहिली.

"बाबा, पोरांना त्या जागेवर नेऊ नका. त्यांच्या रक्तात शिसं सापडलंय."

माती तपासली, तर तीही जुन्या बॅटऱ्यांच्या शिशानं भरलेली. काकांनी फाटकाला फळ्या ठोकल्या आणि घरोघरी जाऊन सांगितलं. कुणी दार लावून घेतलं, कुणी पाणी विचारलं. सुतारानं रंधा खाली ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं. पण तुझ्या बायकोनं गांडुळांचं सांगितलं होतं, तेव्हा मी हसलो."

सुतार परत रंधा मारू लागला.

धाकटीला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. रक्त सुधारलं, शब्द मात्र एकेक करून परतत होते. काही परतलेच नाहीत. पुढची लागवड शाळेच्या आवारात झाली, आधी माती तपासून. मोजकीच पोरं आली. सुताराची बायको आली, पण धाकटीला घरी ठेवून.

रोपं लावताना काकांच्या हातातून कात्री सारखी निसटत होती. मनगट लुळं पडल्यासारखं झालं होतं. वय झालं, असं ते म्हणाले. मुलगी त्यांच्या हाताकडे बघत राहिली, आणि संध्याकाळी तिनं त्यांचं रक्त काढून नेलं.

अहवाल यायचा होता. काका कारखान्यामागे एक चक्कर मारायला गेले. तुती पुन्हा लगडली होती. फाटकाची एक फळी कुणीतरी उचकटलेली होती, आणि आत मातीत लहान पावलांचे ताजे ठसे होते. काकांनी फाटकापाशी ठेवलेली हातोडी उचलली. ती हातात ठरेना. मग त्यांनी फळी छातीनं दाबून धरली आणि आत कोण आहे, म्हणून हाक मारली.

आतली तुतीची फांदी तेवढी हलली.