तिसरी घंटा

खडकीत आमच्या क्वार्टर्सच्या हॉलमध्ये दरवर्षी संगीत नाटक होतं आणि घंटा आमचे हेच देतात. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बोलणं कमी, पण भाजी निवडतानासुद्धा डाव्या पायाने ताल चालू. आमची रीत अशी की तिसरी घंटा झाली की दार बंद होतं, नांदी सुरू होते. मग पहिला अंक संपेपर्यंत दार कोणासाठीही उघडत नाही.

यंदा हॉल पाडून तिथे पार्किंग करायचं घाटतंय. ते थांबवू शकतील असे एक बडे साहेब आम्ही पाहुणे म्हणून बोलावले होते. नाटकाची वेळ झाली तरी त्यांचा पत्ता नव्हता.

"अहो, जरा थांबा. हॉल वाचवायचाय," मी विनवलं.

"कशासाठी? वाट बघत बसायला?" म्हणाले आणि घंटा दिली.

नांदी रंगात आली आणि दारावर थाप पडली. साहेबच होते. मी कडी काढायला धावले, तर हे दाराला पाठ लावून उभे. डावा पाय तालातच होता.

"बस," ते हळूच म्हणाले. "हॉल अजून आपला आहे."