मायनं पुन्हा सोलर घासलं!

मंडळी, तुमच्यापैकी कोणाच्या घरी सूर्यचूल होती का हो? आमच्या एकोडीच्या घरी होती, आणि आज सकाळपासून मले तीच आठवून राहिली आहे!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा चौथीत होतो. बाबांनी दोन पोती धान विकून साकोलीहून ती काचेच्या झाकणाची पेटी आणली. आत काळ्या रंगाचे डबे. "आता सरपन नाही, रॉकेल नाही. पैसे वसूल!" बाबा गावभर सांगत सुटले.

पहिल्या दिवशी भात झकास शिजला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाया पाहायले येणार, म्हणून मायनं ते काळे डबे राखेनं घासून चांदीसारखे चमकवले. दुपारी झाकण उघडलं, तर तांदूळ जसेच्या तसे! उन्हाची धग काळा रंगच धरतो, हे तिले कोणी सांगितलंच नव्हतं.

"माही सारी बचत घासून टाकली तुनं!" बाबा म्हणाले. पुढे कित्येक वर्षं ते तिले हेच म्हणून चिडवायचे.

आता आमच्या स्लॅबवर सोलर पॅनल आहेत. मळणी सुरू झाली तशी वीज कमी बनायले लागली, बिल वाढलं. आज मेकॅनिकले फोन केला. "धूळ बसली असंल भाऊ, पुसून घ्या."

वर गेलो, तर माय आधीच बादली घेऊन पॅनल पुसून राहिली होती!

दुपारी मोबाइलवर विजेचा आकडा सरसर वर गेला. मी धावत जाऊन तिले दाखवला.

माय हसली. मग म्हणाली, "आज तुहे बाबा पाहिजे होते रे. घासूनबी बचत होते, हे दाखवलं असतं त्यायले."